तीन धारा काढून घेतलेला लॅपटॉप

शशिधर मगदूम यांच्या घरात पन्नास हजारांच्या वरची कुठलीही वस्तू भरमाण्णानं हात लावून बघितल्याशिवाय आत येत नाही. हा नियम कुणी केला ते विचारू नका. घरात असे नियम कुणी करत नसतं, ते असतात. भरमाण्णा, म्हणजे भरमाप्पा, हा शशिधररावांच्या बायकोचा, दानेश्वरीचा, थोरला भाऊ. मुक्काम नेसरी, धंदा म्हशींची दलाली. म्हैस लांबनं चालत येताना बघून ती कितव्या वेताची आहे, किती लिटर देईल आणि मालक काय लपवतोय हे सांगणारा माणूस. त्यानं मगदूमांची स्कूटर बघितली, फ्रिज बघितला, पाटल्या बघितल्या. सत्तावीस वर्षांपूर्वी खुद्द शशिधररावांनाही त्यानंच बघितलं होतं, आणि चहाची बशी खाली ठेवून "चालंल" एवढंच म्हणाला होता. तो शब्द शशिधरराव अजून विसरलेले नाहीत.

आता लॅपटॉपचं. एकोणीस वर्षांची लेक स्वप्नाली हिनं पुण्याच्या एका संस्थेत अर्ज केला होता. तिथं कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायला शिकवतात. पहिली फेरी पोरगी पास झाली. दुसरी फेरी रविवारी, घरी बसून, आपल्याच लॅपटॉपवर. सकाळी नऊला विषय येणार, संध्याकाळी सहापर्यंत तयार खेळ पाठवायचा, सहा वाजून एक मिनिटाला दार बंद. जागा चाळीस आणि परीक्षा वर्षातनं एकदाच. घरात जो लॅपटॉप होता तो शशिधररावांच्या ऑफिसनं मोडीत काढलेला. त्याच्यावर ते खेळाचं सॉफ्टवेअर उघडायला गेलं की तो दम लागल्यासारखा आवाज करायचा आणि गप्प पडायचा. थोडक्यात, नवीन लॅपटॉप नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर स्वप्नालीला बी.कॉम.ला घालायला सगळी भावकी टपून बसलेलीच होती.

पोरीनं पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी बापाच्या हातात दिली. तिच्यावर एकच नाव आणि एकच किंमत होती, चौसष्ट हजार नऊशे नव्वद. घरात ठरलेला आकडा पासष्ट हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. "बाबा, हा," एवढंच ती म्हणाली. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी लॅपटॉप घरात असता. पण शशिधररावांची चोवीस वर्षं एका सहकारी पतसंस्थेच्या ऑफिसात गेली होती, आणि तिथं टाचणीची डबीसुद्धा तीन कोटेशनं आल्याशिवाय घेत नाहीत. ते म्हणाले, "मी बघतो." आणि बघायला लागले.

बघायला लागले म्हणजे वहीच घातली. वहीत रकाने पाडले. रॅम, कार्ड, पडदा, वजन, वॉरंटी आणि शेवटचा रकाना 'लोकांचं मत'. हा शेवटचा रकानाच पुढं बाकीच्यांना खाऊन बसला. ऑफिसातल्या कॅशियरनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबा, भाव पडतात. कटिंग करणाऱ्यानं सांगितलं, लॅपटॉप घेऊच नका, नुसतं डबडं असेंबल करून घ्या. शिवाजी पेठेतले त्यांचे समोरचे शेजारी उदयसिंह, तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर, यांनी तर चार्जरवरच बोट ठेवलं. "एकशे ऐंशी वॅट? मगदूम, तुम्ही लॅपटॉप घ्यायलाय का गिरणी?"

यात आणखी एक अवघड जागा होती आणि ती फक्त शशिधररावांना ठाऊक होती. त्यांना 'गेमिंग लॅपटॉप' असं चारचौघांत म्हणवत नव्हतं. आपण आयुष्यभर सरळ चाललो, पानसुद्धा खाल्लं नाही, आणि आता पोरीला खेळायला पासष्ट हजारांचं यंत्र आणलं असं गल्लीत झालं तर? म्हणून ते सगळ्यांना 'डिझाइनचा लॅपटॉप' म्हणायचे. साहजिकच सगळे सल्ले भलत्याच यंत्राचे यायचे, आणि शशिधरराव ते इमानेइतबारे वहीत उतरवायचे.

तीन आठवडे असेच गेले. चौथ्या शुक्रवारी ते दुकानात गेले तेव्हा ऑफर संपलेली होती. चिठ्ठीवरचा तोच लॅपटॉप एकाहत्तर हजार झाला होता आणि अख्ख्या कोल्हापुरात एकच नग शिल्लक होता. घरी येऊन त्यांनी सांगितलं. स्वप्नाली भांडली नाही, नुसती उठून माळ्यावरचा तो जुना लॅपटॉप काढून पुसायला लागली. त्यापेक्षा तिनं भांडायला पाहिजे होतं. दानेश्वरीनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि नेसरीला फोन लावला.

शनिवारी दुपारी भरमाण्णा एसटीनं उतरला, खांद्यावर टॉवेल टाकूनच. बसायलाही तयार नव्हता. "दाजी, जनावर कुठं हाय ते दावा आधी."

दुकान राजारामपुरीत. मालक ऋतुराज, तिशीतला, कानात ब्लूटूथ लावलेला पोरगा. आत काउंटरला त्याचे वडील ज्ञानूतात्या पेपर वाचत बसलेले. ऋतुराजनं लॅपटॉप समोर ठेवला आणि तोंडपाठ माहिती सुरू केली. भरमाण्णानं हातानंच त्याला थांबवलं. मग त्यानं लॅपटॉप उचलला, उपडा केला, मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला. बिजागरी चार वेळा उघडली, मिटली. चारी कोपऱ्यांवर अंगठा दाबला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हातातलं सोडून बघायला लागली आणि शशिधरराव भिंतीवरच्या माऊसच्या पाकिटांकडं तोंड करून उभे राहिले.

"याच्या आधी कुणाच्या दावणीला होता का?" भरमाण्णानं विचारलं.

"न्हाई ओ पावणं, पेटीपॅक हाय. मीच कालच्याला दाखवायला उघडला."

"मग एकाहत्तर कशाचं?"

"किंमत फिक्स हाय. सिस्टिमलाच तसं आहे."

भरमाण्णानं सिस्टिमला उत्तर दिलं नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात ऋतुराजच्या पुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. आकडा त्या दोघांनाच कळतो, शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही नाही. ऋतुराज त्या टॉवेलाकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, पावण्याच्या हाताला काही लागलंय.

तेवढ्यात मागं पेपर खाली आला. ज्ञानूतात्या मूळचे शाहूवाडीकडचे, हे दुकान काढायच्या आधी वीस वर्षं बैलं विकलेले. कितीतरी वर्षांत त्यांच्यापुढं कुणी टॉवेल धरला नव्हता. ते उठले, पोराला बाजूला सारलं आणि त्यांनी टॉवेलाखाली हात घातला.

मग दहा मिनिटं सौदा चालला. टॉवेल नुसता हलत होता. ज्ञानूतात्यांनी मान हलवली. भरमाण्णा हसला. भरमाण्णानं हात काढून घेतला, दाराकडं दोन पावलं टाकली, परत आला. आणि शशिधररावांच्या लक्षात आलं की पैसे आपले आहेत, लॅपटॉप आपल्याला पाहिजे, आणि भाव काय चाललाय हे इथं आपल्यालाच माहीत नाही. "अण्णा, पासष्टच्या वर..." असं ते बोलायला गेले तर दोघा म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की वाक्य तिथंच विरलं. मुठीवर मूठ पडली. सौदा झाला.

"किती?" शशिधररावांनी कुजबुजत विचारलं.

"पैसं देताना सांगतो. तीन धारा झाल्यावर," भरमाण्णा म्हणाला.

ही तीन धारांची अटही बाजारातलीच. म्हैस घरी न्यायची, स्वतः तीन वेळा दूध काढायचं, बोलल्याएवढं दिलं तरच पैसे. आज संध्याकाळची एक, उद्या सकाळची एक, उद्या संध्याकाळची एक, मग साडेसहाला पैसे आणून टाकतो. बिल केल्याशिवाय माल बाहेर जात नाही, आधार कार्ड लागेल, पॅन लागेल, असं ऋतुराज सांगत होता. ज्ञानूतात्या म्हणाले, "हातावर हात पडलाय रे." आणि लॅपटॉप स्वतःच पिशवीत घातला.

शनिवारची धार ठीक गेली. स्वप्नालीनं सॉफ्टवेअर चढवलं, ते उघडलं, चाललं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणली. शशिधररावांना मात्र रात्रभर आकडे दिसत होते. अडुसष्ट असेल तर? सत्तर असेल तर? सौदा मोडता येत नाही, भरमाण्णाची अब्रू जाते. पाळता येत नाही, पासष्टच आहेत.

रविवारी नऊला विषय आला. 'तुमच्या घरातला एक माणूस आणि त्याची एक अडचण. तीन मिनिटांचा खेळ. कुणाची मदत घ्यायची नाही.' स्वप्नालीनं दार लोटून घेतलं. भरमाण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. तासातासानं तो आत जायचा, लॅपटॉपच्या बुडाला तळहात लावायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "तापतंय, पण दम हाय." दुपारी जेवणाचं ताट आत गेलं आणि तसंच परत आलं. चारला दानेश्वरीनं हळूच डोकावलं. पोरगी केसात हात घालून बसली होती. "सगळं झालंय आई. शेवटच सापडंना. शेवटाशिवाय पाठवून काय उपयोग?"

आणि चार चाळीसला लाइट गेली.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीत काहीतरी उडालं होतं. शशिधररावांनी तक्रारीचा नंबर लावला. ग्राहक क्रमांक सांगितला, मग उपविभाग सांगितला, मग तक्रार घरगुती आहे का व्यापारी ते सांगितलं, आणि मग फोन ठेवला गेला. कुणीतरी वायरमनचा मोबाईल दिला. वायरमननं उचलला, पण मागं एवढा आरडाओरडा होता की काही कळेना. फायनल होती. पेठेच्या संघाची फुटबॉलची फायनल, आणि वायरमन पेठेतला. "मॅच झाली की येतो," एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

गेमिंग लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावालाच. एवढं काम लावल्यावर ती तासभरही पुरत नाही, हे वहीत सातव्या पानावर शशिधररावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पाच वाजता ती पस्तीस टक्क्यांवर आली. गल्लीत इन्व्हर्टर एकाचाच, उदयसिंहांचा. स्वप्नालीनं लॅपटॉप छातीशी धरला, भरमाण्णानं चार्जर घेतला आणि तिघं गल्ली ओलांडून गेले.

उदयसिंहांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, वीस-बावीस माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते, आणि ज्यांच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायला नकार दिला ते. समोर मोठा टीव्ही, त्यावर सामना, एक-एक बरोबरी. उदयसिंहांनी मान न वळवता प्लग दाखवला. "लावा की. त्यात काय विचारायचं?"

चार्जर लावला. इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि सगळं बंद पडलं. सोप्यात एकच कालवा झाला. उदयसिंहांनी पंखा बंद केला, इन्व्हर्टर परत सुरू केला. टीव्ही आला, लॅपटॉप लागला, दोन मिनिटं गेली, परत शिट्टी, परत अंधार. पेठेच्या संघाला कॉर्नर मिळाला होता म्हणे.

"मगदूम, ते काढा आता," उदयसिंह म्हणाले. "दोन्ही ओढत न्हाय त्यो. पंधरा मिन्टं राहिल्यात. मॅच झाली की रात्रभर लावा."

पाच वाजून तेवीस मिनिटं झाली होती. स्वप्नालीनं पडदा बापाकडं वळवला. नऊ टक्के. "बाबा, बंद पडला तर परत उघडून पाठवायला वेळ पुरणार न्हाय. मी काय करू सांगा."

शशिधररावांनी सोप्याकडं बघितलं. बावीस पाठी, बावीस माना, सगळ्या टीव्हीकडं. या गल्लीत ते एकवीस वर्षं राहत होते आणि एकवीस वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. वर्गणीला नाही, स्पीकरला नाही, सल्ल्याला तर नाहीच. ते माणसांच्या मांड्यांवरनं वाट काढत पुढं गेले, वाकले आणि त्यांनी टीव्हीची वायर उपटली.

शिवाजी पेठेत फायनलच्या दिवशी, बरोबरी असताना, हे कुणी केलेलं नाही. मागनं एकानं फक्त विचारलं, "मगदूमसाहेब, डिझाइनची कसली ओ परीक्षा ही?"

"डिझाइनची न्हाय," शशिधरराव म्हणाले. हातात वायर तशीच होती आणि आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटत होता. "गेमची हाय. लॅपटॉप गेमिंगचा हाय. मी तुमच्याशी तीन आठवडे खोटं बोललो. माझी पोरगी गेम तयार करत्या. सहाच्या आत पाठवली न्हाय तर तिचं वरीस गेलं. गोल कुणाचा झाला ते पेठ ओरडून सांगंलच की तुम्हाला."

उदयसिंह उठले. अंगानं मोठा माणूस, वाटेत उभा राहिला की चेंडूला जागा दिसायची नाही. ते शशिधररावांच्या समोर आले, त्यांच्या हातातली वायर घेतली आणि खाली ठेवली.

"मग आधी सांगायचं की ओ," ते म्हणाले. "पोरी, बस तिकडं कोपऱ्यात. आणि तुम्ही सगळी ते वायफाय सोडा. एकानं जरी मोबाईल चालू ठेवला तर बघा."

फायनलच्या दिवशी पेठेत मोबाईलला रेंज असते, नेट नसतं, त्यामुळं उदयसिंहांचा तो वायफायचा डबाच काय तो आधार होता. बावीस माणसांनी मोबाईल काढले आणि एकेक करून बंद केले. मग ती माणसं काळ्या टीव्हीसमोर तशीच बसून राहिली. स्वप्नालीची बोटं चालत होती. मघापर्यंत केसात हात घालून बसलेली पोरगी आता वरही बघत नव्हती. भरमाण्णा तिच्यामागं उभा राहून टॉवेलानं लॅपटॉपच्या जाळीला वारा घालत होता.

पाच अडतीसला बाहेर एकदम फटाके वाजले. बावीस माणसं गुडघ्यावर आली. फटाके आपले का त्यांचे, काही कळायला मार्ग नव्हता. "बसा खाली," उदयसिंह दबक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा बघवत नव्हता. पाच त्रेपन्नला खेळ पाठवायला सुरुवात झाली. पडद्यावर एक निळी रेघ सरकत होती, आणि आता सगळी माणसं टीव्हीसमोरनं उठून त्या रेघेमागं उभी होती. निम्म्यावर ती थांबली. मग सरकली. पाच अठ्ठावन्नला 'मिळालं' असा निरोप आला. स्वप्नालीनं लॅपटॉप मिटला आणि ती त्याच्यावरच डोकं ठेवून रडायला लागली.

पेठेचा संघ दोन-एकनं जिंकला होता. तो गोल त्या सोप्यातल्या एकानंही बघितला नाही, आणि याचं उट्टं ती गल्ली शशिधररावांवर पुढची दहा वर्षं काढणार यात शंका नाही.

साडेसहाला दुकानात भरमाण्णानं आकडा फोडला. चौसष्ट हजार पाचशे. शशिधररावांचा जीव भांड्यात पडला. "बॅग आन् माऊस दाव्यात आला," भरमाण्णा म्हणाला. "म्हैस काय गळ्यातल्या दाव्याशिवाय देत्यात व्हय?" मग त्यानं ज्ञानूतात्यांकडनं पाचशे रुपये घेतले, आणि शशिधररावांपुढंही हात केला.

"हे कशाचं?"

"दलाली. दोन्हीकडनं पाचशे."

"अण्णा, मी तुमच्या बहिणीचा नवरा आहे."

"म्हणून तर पाचशे. परक्याला हजार हाय."

पासष्ट हजार पुरे झाले, वर एक रुपया नाही.

निकाल बारा दिवसांनी लागला, चाळिसात पोरीचं नाव एकतिसावं होतं, दानेश्वरीनं गल्लीत पेढे वाटले, ते सगळं पुढचं. त्या रविवारी दुकानातनं घरी आल्यावर स्वप्नाली म्हणाली, "बाबा, बसा. खेळून बघा."

खेळात एक गल्ली होती. चष्मा लावलेला एक मध्यमवयीन माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि दुसऱ्या टोकाला एका दुकानाचं शटर हळूहळू खाली येत होतं. बाण दाबला की माणूस चालायचा. पण दर दोन पावलांवर कुणीतरी दारातनं यायचं, हात वर करून काहीतरी सांगायचं आणि माणसाच्या डोक्यावर एक बोचकं ठेवायचं. माणूस प्रत्येकाला मान लववायचा. चार बोचक्यांनंतर तो वाकायचा, सातनंतर रांगायचा, आणि शटर पडायचं. शशिधरराव पाच वेळा खेळले. पाचही वेळा शटर पडलं.

"पोचतच न्हाय की हा माणूस," ते म्हणाले. आपण कुणाबद्दल बोलतोय हे त्यांना कळलं होतं, आणि कान गरम झाले होते.

"पोचतो. ते मोठं बटण दाबा."

त्यांनी दाबलं. माणूस थांबला. त्यानं एकेक बोचकं खाली उतरवलं, सगळी रचून ठेवली, पाठ सरळ केली, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली: माझी पोरगी गेम तयार करत्या. दारातली माणसं एकेक पाऊल मागं सरली. गल्ली मोकळी झाली.

शशिधररावांनी ती अक्षरं दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "हे सकाळीच घातलेलंस?"

"न्हाय. सकाळी नुसतं शटर पडत होतं. हे मी पाच पंचवीसला घातलं."

ती उठून हात धुवायला गेली. दानेश्वरीनं आतनं जेवायला हाक मारली, भरमाण्णा पाटावर बसलाही. शशिधरराव जागचे हलले नव्हते. चष्मा कपाळावर सारून, ओल्या डोळ्यांनी ते त्या माणसाला परत गल्लीच्या तोंडाशी आणून उभं करत होते, आणि आता पहिल्याच पावलाला ते बटण दाबत होते.